गजावरची खूण

ठासणीची बंदूक मारायला एक माणूस लागतं आणि सांभाळायला दुसरं. मारणाऱ्याचं गावात नाव होतं, सांभाळणाऱ्याचे हात काळे होतात. धायरीच्या आमच्या घरात ते काळे हात माझे होते, आणि मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला सांगू.

बंदूक सासऱ्यांची. डोंगराच्या अंगाला आमचा हरभरा असायचा. त्यात रानडुकरं आणि भेकरं उतरायची, म्हणून पिकं राखायला सरकारनं परवाना दिलेला. सासरे गेल्यावर तो मालकांच्या नावावर आला, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, हिंदुरावांच्या. नाव एकदा लिहिलं, आता पुन्हा नाही लिहिणार.

मालकांना नेम होता, धीर नव्हता. बार काढून आले की बंदूक भिंतीला टेकवायची आणि भाकरी मागायची. पण दारूची काजळी नळीत एक रात्र जरी राहिली तरी लोखंडाला खाते. चुलीवरचं कढत पाणी घमेल्यात घ्यायचं, नळीचं बूड त्यात धरायचं, गजाच्या, म्हणजे बार ठासायच्या लांब काठीच्या, टोकाला चिंधी गुंडाळून वरखाली, वरखाली करत राहायचं. पहिलं पाणी शाईसारखं निघतं, दुसरं राखेसारखं. तिसरं स्वच्छ निघालं तरच हात थांबवायचा. मग नळी चुलीच्या उबेला सुकवायची, जाळाला नाही, आणि तेलाचा हात फिरवायचा. हे मला सासूनं शिकवलं. सासू बाकी काही शिकवायला बसली नाही, नावंच ठेवत बसली, पण हे नीट शिकवलं.

पानशेत फुटलं त्याच्या तीन वर्षं आधीची गोष्ट. त्या भाद्रपदात बंदूक रुसली. घोडा पडायचा, टोपी फुटायची, आणि पुढं काही नाही. टोपी म्हणजे तांब्याची एवढीशी वाटी, मुगाच्या दाण्याएवढी. ती बंदुकीच्या बुडाशी एका बारक्या नळीवर बसवतात. घोडा तिच्यावर आपटला की ठिणगी आत जाते आणि दारू पेटते. आमची ठिणगी आत जाईनाशी झाली. दोनदा डुक्कर मालकांसमोर उभं राहिलं आणि दोनदा सावकाश चालत गेलं.

शनिवार पेठेत मैनुद्दीन मिस्त्रींचं बंदुका दुरुस्त करायचं दुकान होतं. सासऱ्यांच्या वेळेपासून आमची बंदूक त्यांच्याच हाताखालची. मालकांबरोबर मीही गेले. मिस्त्रींनी ती बारकी नळी फिरवून काढली, उजेडाकडं धरून बघितली, मग तिच्यात सुई घातली. सुई जाईना. बोटाला लागलेलं चिकट त्यांनी हुंगलं.

"करडई," ते म्हणाले. "कुणी घातली?"

मालकांनी माझ्याकडं हनुवटी केली.

"आमच्यात करडईच लावतात," मी म्हणाले. "सासूबाई लावायच्या."

"सासूबाईंच्या वेळी रोज बार निघत असेल, बाई. आता महिना महिना पडून असते. करडई वाळली की डिंक होतो तिचा. ती चटणीवर घ्या. हिला खोबरेल द्या, आणि तेही पुसून."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं बसली होती, ती हसली. मालकही हसले.

मिस्त्रींनी नवी बारकी नळी बसवली. आमच्या जुन्या गजाला चीर गेली होती. हा एक दिवस आत मोडून बसेल, म्हणाले, आणि शिसवीचा नवा गज घेतला, टोकाला पितळ बसवलेला. तो बंदुकीत सोडला. तळाला पितळ टण्णकन वाजलं. वर चार बोटं ठेवून त्यांनी गज कापला.

"ध्यानात ठेवा. रिकाम्या बंदुकीत हा चार बोटं बाहेर राहतो. आता नळीच्या तोंडापाशी खूण करून देतो. गज घातला आणि खूण तोंडाला लागली, तर बंदूक रिकामी. खूण वर राहिली, तर आत बार आहे. अंधारात बोटानंसुद्धा कळतं."

त्यांनी कानस उचलली, आणि मी म्हणाले, "राहू द्या. आमच्यात नव्या हत्याराला पहिला घाव घरचा लागतो. खंडेनवमीला, पूजेत."

असा काही नेम आमच्या घरात नव्हता. तो मी तिथल्या तिथं तयार केला. मालकांनी माझ्याकडं बघितलं, पण चार माणसांत बायकोला खोटं पाडलं नाही.

"पूजा तेव्हा करा की. खूण आत्ता..."

"मिस्त्री, वीस वर्षं धुतेय मी ही बंदूक. एक रेघ मारायला मला शनिवार पेठेत यायला नको."

"बरं." त्यांनी कानस खाली ठेवली. "पण नळी रिकामी असताना मारा."

"नाही, भरलेली असताना मारते," मी म्हणाले. दुकान पुन्हा हसलं. या वेळी माझ्या बाजूनं.

खंडेनवमीला आमच्यात बंदूक रिकामी पूजत नाहीत. हा नेम मात्र खरा. बार भरून पूजायची आणि दसऱ्याला शिलंगणाहून आलं की डोंगराकडं तोंड करून तो बार काढायचा. दरवर्षी नवमीला आधी मी धुवायची, मग मालक दारू, शिसं आणि वर चिंध्यांचा बोळा ठासायचे, मग पूजा. त्या वर्षी पुरण घालायचं म्हणून मी अष्टमीलाच धुऊन ठेवली. मालकांना नवमीला सकाळी भाजी घेऊन मंडईत जायचं होतं. त्यांनी उजाडायच्या आत बार ठासला, आणि बैल जुंपता जुंपता अंगणातून ओरडले, "भरून ठेवलीय गं!"

मी आतून म्हटलं, "हं."

त्यांनी सांगितलं होतं आणि मी हं म्हटलं होतं. माझ्या हातात पुरणाचा चटका बसलेलं बोट होतं आणि डोळ्यांत धूर होता. त्यांचा आवाज कानात आला आणि तसाच निघून गेला.

पाटावर विळे, कोयते, कुऱ्हाड मांडली, मधे बंदूक ठेवली. तेव्हा नव्या गजाला अजून खूण नाही हे दिसलं. मी गज नळीत सोडला. रिकाम्या नळीत तो टण्ण वाजतो, भरलेलीत चिंध्यांच्या बोळ्यावर धप्प बसतो, हे मला झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण बाहेर देवळापुढं ढोल चालला होता आणि शकू विचारत होती, हळद कुठं ठेवली. शकू माझी धाकटी जाऊ. धाकटा दीर भैरू, त्याची बायको. तीन वर्षं झाली होती तिला घरात येऊन. त्या गलक्यात मी नळीच्या तोंडापाशी विळ्यानं गजावर खाच पाडली आणि खाचेत कुंकू भरलं.

"किती सरळ मारली, आक्का," शकू म्हणाली.

"मग? मिस्त्रीच्या बापाला जमली नसती."

दुसऱ्या दिवशी, ऐन दसऱ्याला, आमचे चुलत सासरे वारले. सुतक आलं. शिलंगण नाही, बार नाही. बंदूक पोटात बार घेऊन खुंटीला गेली. सुतक फिटेतोवर भात कापणीला आला. मालकांना वाटलं, मी आठवण करून देईन. मला काहीच वाटलं नाही. माझ्या डोक्यात ती बंदूक रिकामीच होती, कारण मी माझ्या हातानं ती धुतली होती.

भैरू स्वारगेटला एस.टी.त फिटर होता. सायकलवर जायचा, सायकलवर यायचा. मी लग्न होऊन आले तेव्हा तो आठ वर्षांचा, नाक पुसायचीही अक्कल नव्हती. माझी भाकरी आणि माझ्या शिव्या खाऊन वाढला. अठरा वर्षांचा असताना त्यानं एकदा बार ठासून गज आतच ठेवला आणि तसाच घोडा ओढला. गज डोंगरावर गेला, डुक्कर दुसऱ्या डोंगरावर. तेव्हापासून मी त्याला चारचौघांत विचारायची, "काय भैरू, गज कुठाय?" त्याच्या लग्नातसुद्धा विचारलं, भर पंगतीत. सगळी हसायची. तोही हसायचा, पण त्याचे कान लाल व्हायचे.

मार्गशीर्षातला रविवार होता. दुपार कलल्यावर तो खुंटीवरनं बंदूक काढून स्वैपाकघराच्या दारात आला. शकू चुलीपाशी भाकरी थापत होती.

"वैनी, भेकरू येतंय हरभऱ्यात. पार शेंडं खाऊन टाकलं. आज बसतो."

"बस. आणि कातडं सोलायला मला नको बोलावू."

"टोप्या द्या."

टोप्यांची डबी माझ्या फळीवर असायची. "किती?"

"तीन. एक मोकळीच फोडून बघतो, मग भरतो."

तशी रीत आहे. बंदूक बरेच दिवस पडून असली की आधी नुसती टोपी फोडायची. बारकी नळी मोकळी होते, आणि आत चुकून काही राहिलंच असेल तर उडून जातं. मला काय माहीत नव्हतं का?

"टोप्या काय झाडाला लागतात?" मी म्हणाले. "नवी नळी बसवलीय. गजावर खूण केलीय, ती कशापायी? गज घाल आन् बघ. डोळं दिल्यात ना देवानं?"

"खूण हाय वो वैनी. पर रीत..."

"मला शिकवतोस रीत? गज डोंगरावर धाडणारा तू. आन् टोपीचा आवाज ऐकून तुझं भेकरू वाट बघत बसणार हाय व्हय?"

तो हसला. कान लाल झाले. "बरं बाई. द्या दोनच."

मी दोन दिल्या. तो अंगण ओलांडून गेला तरी मी मागून ओरडले, "गज काढून मार रे!"

"काढतो, काढतो!"

दिवस मावळायला बार झाला. ठासणीच्या बाराचा आवाज मला पाठ होता, जाड आणि लांबणारा. हा तसा नव्हता. फुटकं भांडं आपटावं तसा आवाज आला, लांबलाच नाही. मी हातातली परात ठेवली आणि उठले. शकू म्हणाली, "मिळालं वाटतं भेकरू."

त्याला बाजेवर घालून आणला. बंदुकीची नळी बुडाशी फुटली होती. उजवा हात आणि उजवा डोळा गेलेला, छातीत लोखंड शिरलेलं. बैलगाडीनं पुण्यात दवाखान्यात नेला. तीन दिवस होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटी त्याच्यापाशी बसले होते. शकूला बाहेर घोटभर चहा प्यायला पाठवलं होतं. त्यानं उरलेला डोळा उघडला, मला बघितलं आणि घाईघाईनं बोलायला लागला, जशी मी उठून जाणार होते.

"वैनी, मी गज घातला व्हता. आधी घातला, मग भरली."

"बोलू नको."

"खुणंला खूण व्हती. बरोबर तोंडाला. मी बोटानं बघितली. भरल्यावर तीन बोटं वर आली, तीबी बघितली. गज काढून ठेवला." मग म्हणाला, "ह्या टायमाला माझी चूक न्हाई, वैनी. शिव्या नका दिऊ."

मी त्याच्या कपाळावर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी उजाडताना तो गेला.

बंदूक पोलिसांनी नेली. रानातून त्याची घोंगडी, चपला आणि गज कुणीतरी आमच्या ओसरीवर आणून टाकला होता. तिसऱ्याचं सगळं आटोपलं, बाया गेल्या, आणि मी तो गज घेऊन गोठ्यात गेले. वरच्या टोकापासून बोटं लावली. चार बोटांवर खूण पाहिजे होती. चार लावली, खूण आली नाही. पाच, सहा. सातव्या बोटाला खाच लागली. कुंकू अजून होतं तिच्यात.

मोजायला काही फार शिकावं लागत नाही. तीन बोटं म्हणजे एक बार. मी खूण केली तेव्हा बंदूक भरलेली होती. दसऱ्याचा बार निघालाच नव्हता. माझी खूण भरलेल्या बंदुकीला रिकामी म्हणत होती, आणि भैरूनं तिच्यावर विश्वास ठेवून एका बारावर दुसरा बार ठासला. अंगणातून मालकांचा आवाज येत होता. ते कुणाला तरी सांगत होते की मिस्त्रीनं बारकी नळी चुकीची बसवली, तीच उडाली.

गावानं ते उचललं. उचलायला सोपं होतं. बंदूक तीन महिन्यांमागं दुरुस्त करून आणलेली, दुरुस्त करणारा पेठेतला, त्याचा धायरीत कुणी सोयरा नाही. मालकांनी अर्ज लिहवून घेतला, त्यावर गावच्या सह्या घेतल्या. पोलिसांनी चौकशी होईपर्यंत मिस्त्रींचं दुकान बंद ठेवायला सांगितलं. हे सगळं होत होतं तेव्हा मी घरात होते, भाकऱ्या करत होते, येणाऱ्या बायांना पाणी देत होते. तेरावं झालं. त्यानंतर आणखी आठ दिवस गेले. त्या आठ दिवसांचा हिशोब मला कुणी विचारला नाही, म्हणून मी दिला नाही.

नवव्या दिवशी मालक पुण्याहून आले आणि पागोटं काढता काढता म्हणाले, "सोमवारी साहेबापुढं जातंय कागद. मिस्त्रीचा परवाना कायमचा जाणार. पुन्हा हातात बंदूक धरणार न्हाई तो."

मी गज आणून त्यांच्यापुढं ठेवला आणि सांगितलं. सगळं नाही, खुणेचं सांगितलं. त्यांनी बोटं लावली.

"मी तुला सांगितलं व्हतं. भरून ठेवलीय म्हणून."

"सांगितलं व्हतं."

"तू हं म्हणालीस."

"म्हणाले."

त्यांनी गज भिंतीशी ठेवला. "हे इथंच ठेव आता. भाऊ गेला माझा. त्यानं दुहेरी ठासली, येडा व्हता, असं गावानं म्हणायचं? आन् घरच्या बाईनं मारला म्हणायचं? मिस्त्रीचं काय, दुसरा धंदा करंल."

"दुसरा कुठला? सत्तावन्न वर्षांचं माणूस ते."

"मला न्हाई माहीत. तू गप बस."

माझ्या आयुष्यात मला गप बस म्हणणारी माणसं थोडी, आणि ऐकलं तर कुणाचंच नाही. तेव्हा मात्र ऐकावंसं फार वाटत होतं. सांगितलं नाही तर काहीच होणार नव्हतं. माझं नाव जसंच्या तसं राहणार होतं.

सोमवारी सकाळी मालक रानात गेले आणि मी गज लुगड्याच्या घडीत गुंडाळून एस.टी.त बसले. स्वारगेटला उतरून चालत शनिवार पेठेत गेले. दुकानाच्या फळ्या लावलेल्या. बाजूच्या जिन्याचं दार वाजवलं. मिस्त्रींच्या बायकोनं, नसीमबानूनं उघडलं. मला ओळखलं तिनं.

"आता काय न्यायला आलात?" ती म्हणाली. "दुकान नेलं. बोर्ड राहिलाय, तो पाहिजे का?"

एरवी मी हिशेब चुकता केला असता. "मिस्त्रींना भेटायचंय," मी म्हणाले.

"त्यांना बरं नाही."

"मग त्यांनाच लवकर भेटलं पाहिजे."

मिस्त्री आत चटईवर बसले होते. दाढी वाढलेली, महिन्यात दहा वर्षांनी म्हातारे झालेले. मी गज त्यांच्यापुढं ठेवला आणि म्हणाले, "मोजा."

त्यांनी मोजलं. सातव्या बोटावर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मग त्यांनी गज मांडीवर आडवा ठेवला, आणि मला वाटलं होतं तसे चिडले नाहीत. रडायला लागले. नसीमबानू दारातून धावत आली.

"मला वाटलं मीच मारला," ते तिला सांगत होते, मला नाही. "आटे कमी पडले असतील, असं वाटलं. रोज रात्री ती बारकी नळी बसवतोय मनात. एक आटा, दोन आटे. मोजतोय."

नसीमबानू माझ्याकडं बघत राहिली. तिच्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं.

थोड्या वेळानं मिस्त्रींनी डोळे पुसले. मग कारागिराचं मन कामाकडं वळलं. "पण बाई, पोरानं आधी टोपी फोडून बघितली नाही? दोन महिने पडलेली बंदूक. एक टोपी फोडली असती तर जुना बार तिथंच निघून गेला असता."

"टोप्या कमी होत्या," मी म्हणाले.

त्यांनी गज माझ्या हातात दिला. मी जिना उतरले.

मिस्त्री आणि मी चौकीवर गेलो, ते पुढं, मी चार पावलं मागं. फौजदार तरुण होता. त्यानं माझं सगळं शांतपणानं ऐकून लिहून घेतलं. खंडेनवमी, पुरण, ढोल, खाच, सात बोटं. गज टेबलावर ठेवून स्वतः मोजला. मग लिहिलेलं वाचून दाखवलं. कागदावरची बाई कुणी दुसरीच वाटत होती, शहाणीसुरती, फक्त एका दिवशी चुकलेली.

"आणखी काही सांगायचं आहे का, आजी?"

मी आजी नव्हते, चाळिशीही गाठली नव्हती. पण त्याला ते बोलले नाही. टोप्यांची डबी माझ्या डोळ्यांपुढं होती. तीन मागितल्या होत्या, दोन दिल्या होत्या.

"नाही," मी म्हणाले.

मला सही येते. सोजरबाई. पाच अक्षरं लिहायला इतका वेळ कधी लागला नव्हता.

दुकान आठवड्यात उघडलं, असं पुढं कळलं. घरी आले तेव्हा दिवस अजून होता. मालक अंगणात दावं वळत बसले होते. "केलंस?" म्हणाले. "केलं," म्हणाले मी. "माझा भाऊ येडा ठरला." "तो न्हाई ठरला. मी ठरले." ते दावं टाकून उठले आणि बैलांकडं गेले. त्या दिवसानंतर त्यांनी भाकरी मागितली, पाणी मागितलं, पण आम्ही बोललो असं म्हणता येणार नाही.

शकू आत होती. गोधडी शिवत बसली होती, कपाळ मोकळं, हात मोकळे. मी तिच्यापुढं बसले. तिला दुसऱ्याच्या तोंडून कळायच्या आत मला सांगायचं होतं. खुणेचं सांगितलं. दवाखान्यात भैरू काय बोलला तेही सांगितलं, शब्दाला शब्द. ती सुई चालवत ऐकत होती. ह्या टायमाला माझी चूक न्हाई, हे ऐकल्यावर तिची सुई थांबली.

"असं म्हणलं?"

"असंच."

"मला का न्हाई सांगितलं तवा?"

ती पुन्हा शिवायला लागली. चार टाके घातले तिनं.

"त्यांनी टोपी मागितली व्हती," ती म्हणाली. "मी चुलीपाशीच व्हते, आक्का."

"व्हय."

"तीन मागितल्या व्हत्या."

"व्हय."

"ते लिहिलं का कागदावर?"

ज्या घरात माझा शब्द खाली पडत नव्हता, त्या घरात बावीस वर्षांची पोर मला विचारत होती, आणि ती आवाजही चढवत नव्हती.

"न्हाई," मी म्हणाले. "उद्या जाते. लिहून देते तेबी."

"कशाला? मिस्त्री सुटलं ना." तिनं दोरा दातानं तोडला. "त्यांना तुमची लई भीती वाटायची, आक्का. तुम्हाला वाटायचं ते हसतात. रानात जाताना मला म्हणलं, एक टोपी जास्ती मागितली तर वैनीनं गज काढला पुन्यांदा. मी म्हणलं, जाऊ द्या, आक्का मायेनं बोलतात."

तिनं गोधडी घडी करून बाजूला ठेवली आणि उठून गेली.

दुसऱ्या दिवशी शकूनं गोठ्याच्या भिंतीला तीन दगड मांडले आणि आपली चूल वेगळी केली. मालकांनी ज्वारीचं पोतं तिच्या बाजूला नेऊन ठेवलं. मला कुणी विचारलं नाही, मीही विचारलं नाही. आदल्या रात्री अवकाळी सर येऊन गेली होती आणि तिच्या वाट्याला आलेली सगळी लाकडं बाहेरच्या ढिगातली होती, ओली. संध्याकाळी तिचा जाळ लागेना. धूर भिंतीवरून आमच्या घरात यायला लागला. माझ्या कोनाड्यात तुरीच्या वाळलेल्या काटक्या होत्या. मी त्यांची मोळी उचलली आणि दारापर्यंत गेले. ती उकिडवी बसून फुंकत होती, डोळे पुसत होती, पुन्हा फुंकत होती. तिनं मान वर केली नाही. हाक मारायला तोंड उघडलं, आणि हाकेत काय म्हणायचं ते सापडेना. मोळी घेऊन आत आले. तिची चूल पेटल्याचा उजेड भिंतीवर दिसला, तेव्हा कुठं मी माझी पेटवली.